शटरच्या आड सिग्नल

प्रश्न : दादा, आमचं गॅरेज घरामागे २५ फुटांवर, सुटं आहे. तिथला दरवाज्याचा झिगबी (स्मार्ट उपकरणं जोडणारी एक बिनतारी पद्धत) सेन्सर सारखा ऑफलाइन जातो. नवीन हब, म्हणजे ही उपकरणं जोडणारी मुख्य पेटी, घेऊ का?

उत्तर : अहो थांबा, हब नका घेऊ! झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, लोखंडी शटर त्याला चांगलंच अडवतं, पण विजेवरचे बहुतेक झिगबी स्मार्ट प्लग सिग्नल पुढे पाठवतात, सेलवरचा सेन्सर नाही पाठवत. म्हणून एक प्लग गॅरेजकडच्या खिडकीपाशी, दुसरा गॅरेजमध्ये लावा आणि मग सेन्सर तिथेच परत जोडा, नाहीतर तो जुनाच रस्ता धरून बसतो. वायफायवाला प्लग आणू नका, त्याचा इथे उपयोग नाही. आणि हो, प्लगचं बोर्डावरचं बटण कोणी बंद केलं की सगळं गप्प, त्यावर चिकटपट्टीच लावा.