गुंता खाली दिसतो, चूक वर असते

तुमचा प्रश्न असा की शिलाई मशीनच्या भागांची नावं लक्षात राहत नाहीत आणि टीप मारली की कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. नावं पाठ करू नका. रिळापासून सुईपर्यंत दोरा ज्या वाटेने जातो ती वाट ओळखा, गुंताही तिथेच सापडेल.

आकड्यांच्या डायलमागे टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्या असतात. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर असला की त्या सैल होतात, खाली केला की आवळतात. म्हणून दोरा ओवताना फूट वरच हवा, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये बसतच नाही. ओवून झाल्यावर ओढून बघा: फूट वर असताना दोरा सहज सरकला पाहिजे, खाली केल्यावर सुई किंचित वाकेल इतका अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सरकला तर पुन्हा ओवा.

पुढे टेक-अप लिव्हर, म्हणजे शिवताना सतत वरखाली होणारा छोटा दांडा. प्रत्येक टाक्याला खाली बॉबिनभोवती (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवती) फिरून आलेला जास्तीचा दोरा तोच वर खेचतो. दोरा त्यातून निसटला की हा जास्तीचा दोरा कापडाखाली साठत जातो आणि लोक बिचाऱ्या बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, स्क्रू पिळत बसतात! केस बाहेर निघणारी असेल तर दोरा धरून ती लोंबकळत ठेवा. हलक्या झटक्याने थोडी उतरून थांबली तर स्क्रूला हात लावू नका. सरसर खाली आली तरच तो आवळा, तोही पाव फेऱ्याहून कमी.

सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुई पूर्ण वरपर्यंत खोचून स्क्रू आवळा. जराशी खाली राहिली तरी खालच्या हुकाला दोऱ्याचा फास पकडता येत नाही आणि टाके सुटतात. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, पातळ कापडाला 11, जीन्सला 16.

सुईखालच्या धातूच्या पट्टीतून डोकावणारे दात कापड पुढे सरकवतात, तुम्ही फक्त दिशा द्यायची. ओढलंत तर सुई वाकून पट्टीवर आपटते. टाक्याची लांबी 2.5 मिमी ठेवा, हातचाक नेहमी स्वतःकडे फिरवा. शिवायला घेताना दोन्ही दोऱ्यांची 10 सेंमी टोकं फुटाखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत धरून ठेवा. हे विसरलं तरी सुरुवातीलाच गुंता होतो.

सरावाला वर लाल आणि खाली निळा दोरा घ्या, कापड दुपदरी. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे, डायल अर्धा आकडा कमी करा. खाली लाल फासे लोंबत असतील तर डायलला हात लावण्याआधी पुन्हा ओवून बघा.