'हलका' सिगार की 'मवाळ' सिगार?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे. मूळ मजकुरातला गृहस्थ रोज संध्याकाळी काम आटोपल्यावर निवांत बसून सिगार ओढतो. सिगार महागातला नाही आणि चवीला जहालही नाही. अनुवाद असा केलाय : 'संध्याकाळी तो एखादा स्वस्त, हलका सिगार फुंकत रिलॅक्स होतो.' अर्थ सगळा आला, तरी वाक्य खटकतं, 'हलका'ऐवजी दुसरं काही सुचवा, असं त्यांचं म्हणणं.

खटकतंय ते योग्यच आहे. 'हलका' म्हणजे वजनाला कमी, 'हलका' म्हणजे पचायला सोपा, आणि 'हलका' म्हणजे कमअस्सलसुद्धा. 'हलका आहार' म्हटल्यावर कुणाला शंका येत नाही, पण 'हलकं कापड' म्हटलं की तलम की सुमार, हे विचारावं लागतं. त्यात शेजारी 'स्वस्त' येऊन बसला की निकालच लागतो. बिचाऱ्या गृहस्थाचा सिगार सौम्य न राहता टाकाऊ ठरतो. मूळ लेखकाला तर उलट सांगायचंय : पैसे थोडे, पण चीज चांगली.

गंमत म्हणजे सिगारवाल्यांच्या स्वतःच्या परिभाषेतही 'हलका'ने असाच घोळ घातलाय. तंबाखूच्या झाडावरची पानं उंचीनुसार वेगळी काढतात. खालची 'व्होलादो', ती नीट जळतात पण जोर कमी. मधली 'सेको', सुगंधाची. शेंड्याकडची 'लिहेरो'. शेंड्याला ऊन जास्त लागतं, पान जाड आणि तेलकट होतं, निकोटिनही त्यातच जास्त. म्हणजे सगळ्यांत कडक पान हे. आणि स्पॅनिशमध्ये 'लिहेरो'चा अर्थ काय? हलका! तेव्हा सिगारविषयीचा मजकूर भाषांतरित करताना हा शब्द समोर आला तर तो तसाच ठेवावा, कोशातला अर्थ लावू नये.

मग 'हलका' नको तर काय? 'सौम्य' हा पहिला उमेदवार. शब्द निर्दोष आहे, पण त्याला औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीचा वास येतो. 'फिका' नकोच, तो रंगालाही लागतो आणि बेचव या अर्थानेही. सौम्य सिगारांचं बाहेरचं आवरणाचं पान बरेचदा खरोखरच फिकट असतं, त्यामुळे गोंधळ दुप्पट. रंगावरून जोर ओळखता येत नाही, कारण जोर मुख्यतः आतल्या पानांच्या मिश्रणावर ठरतो.

माझं मत 'मवाळ'ला. राजकारणाने 'जहाल-मवाळ' ही जोडी इतकी पळवून नेली की 'मवाळ' म्हटलं की 1907 ची सुरत काँग्रेस आठवते, पण शब्द मूळचा मऊपणाच्या घरचा. कडकपणा नाही, बोचत नाही, तरी चव आहे, हे तो नेमकं सांगतो. 'जहाल तंबाखू' आपण सहज म्हणतो, मग तिच्या समोरच्या टोकाला 'मवाळ' म्हणायला काय हरकत?

अजून एक शब्द सुचतो, 'मुरलेला'. तो मवाळचा पर्याय नाही, पण त्याचं कारण सांगतो. सिगारची पानं वाळवल्यावर रचून ठेवतात, ढिगात ऊब धरते, पानं आंबतात, त्यातला अमोनिया निघून जातो. ही प्रक्रिया घाईत उरकली तर कमी जोराचा सिगारही घशाला चरचरतो. लोणच्यासाठी वापरतो तेच क्रियापद इथे चपखल बसतं : तंबाखू मुरली पाहिजे. मूळ मजकुरात पानांच्या जुनेपणाचा उल्लेख असेल तरच हा शब्द घ्यावा, एरवी नको.

'स्वस्त'बद्दल थोडक्यात. 'स्वस्तातला' म्हटलं की नाक मुरडल्यासारखं होतं, 'किफायतशीर' जाहिरातीतला, 'परवडणारा' ठीक. मी 'बेताच्या किमतीचा' लिहीन. स्वस्त सिगारमध्ये बरेचदा अखंड पानांऐवजी तुकडे भरलेले असतात, तो यंत्रावर वळलेला असतो. पण तो मवाळ असेलच असं नाही, म्हणून दोन्ही विशेषणं ठेवावीत. एकात दुसरं गृहीत धरू नये.

आता 'फुंकत'. हे क्रियापद ताबडतोब बदला. विडी फुंकणे, पैसे फुंकणे, दोन्हींत तुच्छता किंवा उधळपट्टी आहे. 'पिणे' काही लोक विडीला वापरतात, पण सिगारला ते जड वाटतं. 'ओढणे'च बरं. सिगारचा धूर सहसा तोंडातच घोळवतात, छातीत घेत नाहीत. तो अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. तरी 'ओढणे' चुकत नाही, कारण ओढून कुठपर्यंत न्यायचं ते क्रियापद सांगत नाही. आणि 'तलफ' हा शब्द मोहात पाडील, तो टाळा. तलफ भागवायची घाई असते. मोठा सिगार तासभरही पुरतो.

'चिरूट'ही कुणी सुचवेल. तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी, पोर्तुगीजांनी त्याचं 'शारुतु' केलं. आपला 'चिरूट' त्याच कुळातला. पण चिरूट दोन्ही टोकांना उघडा, सिगारचं एक टोक बंद असतं आणि ते कापून ओढतात. शिवाय मराठी कानाला चिरूट उग्रच वाटतो. इथे नको.

एक जपून राहायची बाब. 'मवाळ' चवीला लावायचा, परिणामाला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या तंबाखू नियंत्रण करारात वेष्टनावरच्या 'लाइट', 'माइल्ड' अशा शब्दांवर बोट ठेवलंय, कारण त्यांतून अपाय कमी असल्याचा भास होतो. कथेत प्रश्न नाही, पण माहितीपर लेख असेल तर 'चवीला मवाळ' असं पूर्ण लिहावं.

राहिला 'रिलॅक्स'. 'शिणवटा घालवणे' चांगलं आहे, पण मला 'सैलावणे' आवडतं, त्यात दिवसभराचा ताठा सुटतो. तर वाक्य असं : 'संध्याकाळी बेताच्या किमतीचा एखादा मवाळ सिगार ओढत तो सैलावतो.' सिगारला पुल्लिंग केलंय. 'सिगार पेटवला' आणि 'सिगार पेटवली' दोन्ही वाचायला मिळतं; 'सिगारेट' स्त्रीलिंगी असल्याने ही ओढ होत असावी. कोणतंही चालेल, फक्त पुस्तकभर एकच ठेवा.