गहू सोडण्याआधी

अगं, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) निघालं म्हणून लगेच पोळी बंद करू नकोस. आधी सिलिअ‍ॅकची (गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन खाल्लं की आतड्याला इजा होते, त्या आजाराची) रक्ततपासणी करून घे, टीटीजी-आयजीए नावाची. गहू सोडून काही आठवडे गेले की ती तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, मग पुन्हा सहा-आठ आठवडे गहू खाऊन ती करावी लागते. नसती उठाठेव!

सिलिअ‍ॅक नसेल तर ग्लुटेन सोडल्याने पाळी नियमित होते, असा भक्कम पुरावा नाही. पोट फुगतं ते कधी गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या, नीट न पचणाऱ्या कर्बोदकामुळे, आणि तेच कांदा-लसणातही असतं. पीसीओएससाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केलीय ना? मग जुलाब, गुडगुड तिचीही असेल. जेवणासोबत घे, तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना एक्सआर (हळूहळू विरघळणाऱ्या) गोळीबद्दल विचार.

ज्वारी-नाचणीची भाकरी जरूर खा, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर उसळ असं ताट नको. उसळ वाटीभर हवी. साबुदाणा ग्लुटेन-फ्री खरा, पण निव्वळ स्टार्च. ती महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटंही त्याच माळेतली.

आणि सिलिअ‍ॅक निघालंच, तर हिंगाची डबी उलटून वाच. बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं.