आठ वर्षांपासून मधुमेह आहे. दीड महिना एकाच पायाची पोटरी दुखतेय, चाललं की वाढते. तेल-शेक सगळं करून झालं. आता डॉक्टरांकडे जावं का?

हो, या आठवड्यातच जा. पोटरीला साधी लचक भरली असती तर दीड महिन्यात बराच उतार पडला असता. तुमचं दुखणं चाललं की वाढतंय, एकाच पायात आहे, आणि वर तुम्ही आठ वर्षांचा मधुमेह लिहिलाय. अशा वेळी तेलाची बाटली बदलून फरक पडत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय न बघता निदान करणार नाही, पण ‘पाय दुखतो’ म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक गोष्ट विचारते: थांबतं कशानं? दुखणं सुरू कशानं होतं ते सगळे भरभरून सांगतात. थांबतं कशानं, इथे बरेच जण अडखळतात.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. फिरायला निघाले की थोडं चालून थांबायचे आणि खिशातून मोबाइल काढायचे. बायको म्हणे, यांना फोनचं वेड लागलंय. फोनमध्ये काहीच नसायचं. पोटरी आवळून यायची आणि ते चारचौघांत कळू नये म्हणून हे नाटक. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की पाय मोकळा, पुन्हा साधारण तेवढंच अंतर, पुन्हा मोबाइल. ही पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून तो ओरडतो; उभं राहिलं की मागणी कमी होते. धूम्रपान आणि मधुमेह ही याची दोन मोठी कारणं. तपासणी सोपी आहे: घोट्याजवळचा आणि दंडावरचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असल्या तर हा आकडा फसवा, म्हणजे उगाच चांगला येऊ शकतो, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या. आणि हा विषय पायापुरता नाही. ज्यांच्या पायाच्या धमन्या अशा होतात, त्यांच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बऱ्याचदा त्याच वाटेवर असतात.

उभं राहून आराम पडत नाही, पण बसलं किंवा पुढे वाकलं की पडतो, सायकल चालवता येते पण पायी चालणं जमत नाही, असं असेल तर मूळ बहुधा कंबरेच्या मणक्यात असतं. खोकताना-शिंकताना पायात चमक जात असेल तरीही कंबरच तपासायला सांगा.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी घोटा मोडला होता, प्लास्टर होतं. ते निघाल्यावर पोटरी जड वाटायला लागली, दुखायला लागली. मी, रोज लोकांना शहाणपण शिकवणारी, म्हटलं स्नायू आखडलाय. आणि चार दिवस चांगली रगडली. एका सहकाऱ्यानं टेप आणली. गुडघ्याच्या वाटीखाली हाताला हाडाचा उंचवटा लागतो ना, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. दुखरा पाय ४ सेंटिमीटर जास्त भरला. प्लास्टरमधून निघालेली पोटरी खरं तर बारीक व्हायला हवी. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी झाली, खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या.

म्हणून सांगते, टेप लावून बघा. ३ सेंटिमीटर किंवा जास्त फरक दिसला, पाय गरम किंवा लालसर लागला, अलीकडे ऑपरेशन, लांबचा प्रवास किंवा अंथरुणावर पडून राहणं झालं असेल, तर आठवडा काय, उद्याचीही वाट पाहू नका. घेर सारखा आला म्हणजे गुठळी नाहीच, असा अर्थ मात्र घेऊ नका.

दुखणं पोटरीत नसून नडगीवर असेल तर एका बोटानं हाड दाबत खाली या. आतल्या कडेनं लांबवर दुखत असेल तर तो धावण्या-उड्यांचा ताण असतो, विश्रांतीनं बसतो. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी, जीव कळवळत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे पहिला एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून पळायला लागू नका.

संध्याकाळी पाय भरून येतात आणि उशीवर ठेवले की हलके होतात, हे शिरांचं. रात्री दोन्ही तळव्यांची आग आणि मुंग्या, हे मधुमेहातल्या नसांचं. कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही स्नायू दुखतात. ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

पण अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं. पाय एकाएकी गार, पांढराफटक आणि बधिर पडला. मार लागल्यावर किंवा प्लास्टरमध्ये पोटरी दगडासारखी घट्ट होऊन बोटं हलवताच असह्य कळ आली. मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अडली. यातलं एक जरी झालं, तर ओपीडीची वेळ बघायची नाही. थेट इमर्जन्सी. ताप येऊन पायावरची लाली वर सरकत असेल तरी त्याच दिवशी दाखवा.

जाण्याआधी दोन दिवस एवढंच टिपून ठेवा: किती चाललं की दुखतं, उभं राहून थांबतं की बसून, रात्री झोपेतून उठवतं का. डॉक्टरांनी पायाची नाडी हातानं पाहिली नाही, तर मोजे काढून पाय पुढे करा आणि बघायला सांगा. तोवर मालीश बंद. गरम पाण्याची पिशवीही नको. मधुमेहात पाय बधिर असला तर चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो.