काकूंना विचारा: सहा मित्र, तीन चीज आणि एक बेबिंका

प्रश्न : काकू, नाताळच्या सुट्टीत आम्ही कॉलेजचे सहाजण माझ्याकडे ठाण्याला जमतोय. ठरलंय असं की प्रत्येकाने इथे सहसा न मिळणारं काहीतरी आणायचं. कोलकात्याचा मित्र बांडेल चीज आणि जॉयनगरचा मोआ आणतोय, जम्मूची मैत्रीण तिकडचं कलाडी चीज, म्हापशाहून बेबिंका (गोव्याची थराथरांची मिठाई) येतेय आणि एकजण नॉर्वेला नोकरीला आहे तो तिथलं ब्राउन चीज आणणारे. हे सगळं खायचं कसं? आणि आमच्यातले दोघं पक्के शाकाहारी आहेत, त्यांना काय काय चालेल?

उत्तर : अगं, मजा आहे तुमची! आधी बांडेलचं सांगते, कारण त्यात मी स्वतः फसलेय. मला कोणीतरी आणून दिलेली छोटीशी चकती मी तशीच तोंडात टाकली, मिठाचा खडाच की गं तो, मला वाटलं खराब झालंय म्हणून उरलेलं सगळं कचऱ्यात, आणि नंतर कळलं की ते रात्रभर पाण्यात भिजवून खायचं असतं. हुगळीकाठचं बांडेल म्हणजे पोर्तुगीजांचं जुनं ठाणं, नाव तिथूनच आलंय. साधं आणि धुरावलेलं असं दोन प्रकारचं मिळतं. भिजवलेलं कुस्करून लोणी लावलेल्या टोस्टवर नाहीतर टोमॅटोवर भुरभुरवायचं, वरून मीठ अजिबात नको.

कलाडी मात्र सगळे ताटावर बसल्यावरच करायला घे. ही उधमपूरची, २०२३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला. तवा चांगला तापव, तेल घालू नकोस, तिचंच तूप सुटतं. चकती ठेवलीस की आधी चर्र आवाज, मग कडेने तूप झिरपायला लागतं आणि खालची बाजू खरपूस तांबूस होते, तेव्हाच उलटायची, आधी घाई केलीस तर अर्धी तव्यालाच चिकटून बसेल. वर चिमूटभर मीठ आणि थेट पावात. तिकडे कुलच्यात घालतात, आपला लादीपाव पण मस्त चालतो. पण गरम असतानाच संपवा हं, गार झाली की रबर.

नॉर्वेवाल्याच्या ब्राउन चीजकडून चीजच्या चवीची अपेक्षाच ठेवू नका. पनीर केल्यावर उरतं ना ते हिरवट पाणी, तसल्याच पाण्यात दूध नाहीतर साय घालून तासन्‌तास आटवायचं, त्यातली साखर करपत करपत तपकिरी होते. मला तर ते जरासं खारट कंदीपेढ्यासारखं लागतं. कागदासारखे पातळ काप काढ, जाड तुकडा टाळूला चिकटतो. तिकडे वॉफलवर जॅमसोबत खातात, तू गरम घावनावर ठेवून बघ. साखर आणि स्निग्धांश इतका असतो त्यात, की २०१३ मध्ये नॉर्वेतल्या एका बोगद्यात २७ टन ब्राउन चीज नेणाऱ्या ट्रकला आग लागली ती कितीतरी दिवस धुमसत होती!

मोआ म्हणजे नोलेन गुडात, म्हणजे खजुरीच्या थंडीतल्या ताज्या गुळात, कनकचूर तांदळाच्या लाह्या वळून केलेला लाडू. पहिल्याच दिवशी खा, फ्रीजमध्ये ठेवलात की लाह्या चिवट होतात.

आता शाकाहाऱ्यांचं. आपण चीजकडे संशयाने बघतो पण खरी गोची बेबिंकेत आहे, त्यात अंड्यांचे भरपूर बलक असतात, सात थर आणि प्रत्येक थर भाजून झाल्यावरच पुढचा! त्या दोघांना आधीच सांगून टाक, म्हणजे ताटावर रुसवेफुगवे नकोत. बाकीच्यांसाठी किंचित कोमट करून पातळ काप दे. बांडेल आंबट घालून फाडलेल्या दुधाचं असतं, त्यामुळे चालेल. ब्राउन चीजच्या पाकिटावर मात्र रेनेट (दूध फाडायला घालतात ते) कुठलं ते नॉर्वेवाल्याकडूनच वाचून घे, काही ठिकाणी ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं.

क्रम म्हणशील तर कलाडी, बांडेल, मग ब्राउन चीज, आणि गोड शेवटी. मधेमधे कोरा चहा ठेव. आणि धुरावलेलं बांडेल उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेव बाई, नाहीतर सकाळच्या चहाच्या दुधाला चुलीचा वास येतो, आमच्याकडे दोन दिवस येत होता.