मुंबईला चाललायस तर ठिकाणांची नको, स्टेशनांची यादी कर

अरे बाबू,

तुझा मेसेज काल रात्री तालीम संपल्यावर बघितला. पाच हजारात मुंबईत चार दिवस होतील का, नाटकं पण बघायचीयत आणि मुंबई पण, आणि खाली ती सव्वीस ठिकाणांची लिस्ट. लिस्ट बघून आधी हसूच आलं रे, गेटवेच्या खाली बोरिवलीची कान्हेरी लेणी आणि त्याच्या खाली परत मरीन ड्राइव्ह, म्हणजे आपल्या गोव्यात सकाळी डिचोलीहून पार दुसऱ्या टोकाला काणकोणला जायचं, दुपारी डिचोलीत जेवायचं आणि संध्याकाळी परत काणकोण. चर्चगेट ते बोरिवली 34 किलोमीटर आहे आणि ते आपले मोकळे रस्ते नव्हेत.

पाच हजारात होतं. पण ती लिस्ट फाड आणि स्टेशनांची कर. मुंबईत फिरायला पैसे फार लागत नाहीत, लोकलचं तिकीट आपल्याकडच्या चहापेक्षा स्वस्त पडतं कधीकधी, पैसे जातात ते चुकीच्या वेळी चुकीच्या बाजूला असल्यामुळे. उशीर झाला की माणूस टॅक्सी करतो, दमला की एसी हॉटेलात शिरतो, आणि रात्री हिशोब लागत नाही. म्हणून एका दिवशी एकच भाग, तोही पायी होईल असा.

आता जायचं कसं. गुरुवारी संध्याकाळी थिवीहून कोकणकन्या, शुक्रवारी पहाटे मुंबई. परत सोमवारी रात्री तीच गाडी. बघ, चार दिवस मिळाले आणि भाडं फक्त तीन रात्रींचं, दोन रात्री गाडीत झोपलास. स्लीपरचं तिकीट चार-पाचशेच्या घरात येईल एका बाजूचं. वंदे भारत, तेजस वगैरे बघू नको, अख्खा दिवस गाडीत जातो आणि पैसे दुप्पट-तिप्पट. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते, ते 2024 च्या नोव्हेंबरपासून कमी केले. चतुर्थीला आणि मे महिन्यात मुंबईकर सगळे गावी येतात-जातात तेव्हा विसर. पावसात पण नको, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं, दरडींमुळे गाड्या हळू चालवतात, आणि मुंबई तर तुंबतेच. डिसेंबर-जानेवारीत जा, तिकडे त्याला थंडी म्हणतात.

राहायचं हाच खरा प्रश्न. माझे आजोबा आगबोटीने जायचे, पणजीला चढले की भाऊच्या धक्क्याला उतरायचे, आणि तिथून सरळ गिरगावात गाववाल्याच्या खोलीवर, गॅलरीत चटई टाकून झोपायचे. तिकडे धोबी तलावाला आपल्या ख्रिश्चन लोकांचे कूड होते, म्हणजे एकेका गावाचा क्लब, बोटीवर नोकरी करणारे, नोकरी शोधायला आलेले सगळे तिथे पेटी ठेवून राहायचे, अजून आहेत त्यातले काही. स्वस्तात मुंबई करायची म्हणजे गाववाला शोधायचा ही आपली जुनीच पद्धत. तू लिहिलंयस की मामेभाऊ डोंबिवलीला आहे. उत्तम. दोनेक हजार वाचले.

पण फुकट आहे म्हणून जाऊ नकोस, नीट विचार करून जा. वन रूम किचनमध्ये चौघं असतात, सकाळी नळाला पाणी ठरल्या वेळी येतं, आणि त्या तासात घरातला प्रत्येक जण कुठे उभा असणार ते ठरलेलं असतं, एक बादली भरतोय, एक डबा भरतोय, एक आंघोळीला, आणि तू मधेच उठून ब्रश शोधत फिरलास तर त्या वहिनीची 7:52 चुकते. 7:52 म्हणजे गाडी, तिकडे लोक गाडीला मिनिटाने ओळखतात. तू आठपर्यंत अंथरुणातच पडून राहा, ती सगळी गेली की उठ. दुसरं म्हणजे नाटक साडेआठचं असलं तर सुटायला अकरा, दादरहून डोंबिवली तासभर, म्हणजे दार वाजवणार साडेबारा. हे आधीच फोन करून सांग, तिथे जाऊन नको. आणि हात हलवत जाऊ नकोस, काजू आणि सोलं घेऊन जा, खाजें चालेल. मे महिन्यात गेला असतास तर मानकुराद घेऊन जा म्हटलं असतं पण ते लोक हापूसवरनं भांडतात, जाऊदे.

डोंबिवलीचं नाहीच जमलं तर स्टेशनवरच बघ. रेल्वेची रिटायरिंग रूम, डॉर्मिटरी असते, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होते, सीएसएमटीला आहे. मुंबई सेंट्रलला तर स्टेशनच्या इमारतीतच पॉड हॉटेल आहे, खोकं आहे खोकं, पण एसी आहे आणि खाली उतरलं की लोकल. स्टेशनबाहेरच्या एजंटबरोबर लॉज बघायला जाऊ नकोस. मी गेलेलो एकदा, खाली बोर्डावर एक भाव, वर गेल्यावर दुसरा, आणि सकाळी गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे.

शुक्रवारी पहाटे दादरला उतरू नको, शेवटपर्यंत सीएसएमटीला जा. तिथे वेटिंग रूममध्ये तोंड धू, पैसे भरून आंघोळ कर, बॅग क्लोकरूमला टाक. बॅगेला कुलूप पाहिजे हां, कुलूप नसलं तर घेत नाहीत, आणि तिथे बाहेर कुलूप विकणारा बरोब्बर उभा असतो, घरनंच ने. मग हा दिवस पूर्ण पायी. फोर्टमधनं एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, तिथनं काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, शेजारचं म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याला तिकीट आहे पण द्यायचे ते पैसे, दोन-तीन तास सहज जातात आणि दुपारचं ऊन टळतं. मग ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेट आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्य बुडेपर्यंत बस. दिवसभरात प्रवासाचा खर्च शून्य.

शनिवार दादरला दे. लवकर उठवत असेल तर (नाही उठवणार, पण सांगतो) सकाळी फूलबाजारात जा, स्टेशनच्या पश्चिमेला. आपल्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फुलांच्या पाट्या असतात ना, तिथे झेंडूचे ढीग माणसाच्या कमरेएवढे, पोती फाडून ओततात तेव्हा ओला वास येतो, हमाल डोक्यावर भारा घेऊन "साइड, साइड" ओरडत अंगावर येतात, आणि वर पुलावरनं लोक ट्रेनला पळतायत. एक पैसा न देता अर्धा तास उभा राहा. हे नाटकच आहे. मग शिवाजी पार्क, समुद्र, आणि दुपारी नाहीतर रात्री शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक. वर्तमानपत्राच्या मुंबई आवृत्तीत शनिवार-रविवारी नाटकांच्या जाहिराती येतात त्या आधीच्या आठवड्यापासून बघायला लाग, तिकीट ऑनलाइन काढ नाहीतर सरळ बुकिंग ऑफिसच्या खिडकीवर. बाल्कनी घे. लाजू नको, मी अर्धी नाटकं बाल्कनीतनं बघितलीयत आणि लाइटचं काम तर वरनंच कळतं, आपल्या उत्सवी नाटकाला तू दोन हॅलोजन लावून म्हणतोस प्रकाशयोजना, जरा बघून ये.

रविवारी पश्चिमेकडे. पण रविवारी मेगाब्लॉक असतो, रुळांची कामं काढतात, दुपारी काही तास गाड्या उशिरा नाहीतर बंदच, कुठल्या लाइनला किती वाजता ते शनिवारी कळतं, तेवढं बघून निघ. पार्ल्याला मास्टर दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आहे, आपल्या मंगेशीचे ते, आणि पुढे जुहूला पृथ्वी. पृथ्वी छोटं आहे, नट हाताच्या अंतरावर दिसतो, पण तिथे एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत, तिकीट हातात असलं तरी. गोव्याची सवय तिथे चालत नाही. आपल्याकडे आठचं नाटक म्हणजे लोक साडेनवाला घरनं खुर्ची घेऊन निघतात.

आणि इथे माझी फजिती सांगतो, म्हणजे तू करणार नाहीस. 1999 ची गोष्ट, मी पहिल्यांदा एकटा गेलेलो. पार्ल्याला नाटक, तिकीट खिशात, दादरला संध्याकाळी साडेसहाला समोर जी गाडी आली तीत शिरलो. विरार फास्ट. फास्ट गाडी पार्ल्याला थांबतच नाही, स्लो लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हटलं अंधेरीला उतरून मागे येऊ. अंधेरी आली, गेली, मी दारापासून चार माणसं लांब, "उतरना है" ओरडतोय तर एक काका म्हणाले, अरे विरारवाल्यांच्या गाडीत कशाला चढलास, आता बोरिवलीच. चप्पल एकच पायात उरलेली. बोरिवलीहून स्लो पकडून पार्ल्याला आलो तेव्हा पहिला अंक संपून लोक बटाटेवडे खात होते. वडा खाल्ला आणि दुसरा अंक बघितला, पहिल्या अंकात काय झालं ते अजून नक्की माहीत नाही.

तर लोकल. इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनचं अक्षर, बाजूला एस नाहीतर एफ, एस म्हणजे स्लो. सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ बाहेरच्या बाजूला जाऊच नको, तुझं काय ऑफिस नाहीये. उलट्या दिशेला त्या वेळी बरी जागा असते. उतरायच्या दोन स्टेशन आधी दाराकडे सरकायला लाग आणि पुढच्या माणसाला विचार "दादर का?", तो हो म्हणाला की त्याच्या मागे नुसता उभा राहा, मागचे उतरवतात. डब्यावर तिरके रंगीत पट्टे असले की फर्स्ट क्लास, चुकून चढलास तरी दंड, विनातिकीट तर अडीचशे आणि वर भाडं. मोबाइलवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधीच काढ. जास्त फिरणार असशील तर खिडकीवर टुरिस्ट तिकीट माग, एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं, रांगा वाचतात.

बेस्टची बस आता किमान 10 रुपये झालीय, 2025 च्या मेपर्यंत पाचच होते, तरी स्वस्तच. आरे ते कफ परेड जमिनीखालची मेट्रो आहे, 10 पासून 70 पर्यंत तिकीट, एकदा बस हौस म्हणून, उन्हातनं आत गेलं की बरं वाटतं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, मिळतच नाही, तिथे काळीपिवळी टॅक्सी, मीटरने. होय, मीटरने. तुला खरं वाटणार नाही, आपल्याकडे टॅक्सीत बसायच्या आधी अर्धा तास घासाघीस, तिथे नुसतं बसायचं, तो मीटर पाडतो, 31 रुपयांपासून सुरू. तिघं-चौघं असाल तर जवळच्या अंतराला बसपेक्षा फार महाग नाही पडत.

खाण्याचं सांगायला नको, तू वडापाववर जगशील. सकाळी पोटभर खा, दुपारी राइस प्लेट, रात्री नाटकाच्या मध्यंतरात वडा. आपल्या भाजीपावासारखी पातळ भाजी शोधत फिरू नको, मिळाली तरी पाव वेगळा असतो आणि उगाच घरची आठवण. फिश थाळीवर तर एक रुपया घालवू नको, चार दिवस मासे नाही खाल्लेस म्हणून मरत नाहीस. दादरला साबुदाणा वडा आणि पियूष मात्र खा. माटुंग्याला उडप्याकडे इडली, धोबी तलावाला इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा.

सोमवारी सावध. एलिफंटा बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद, मॉडर्न आर्ट गॅलरी पण बंद. लोक गेटवेला जाऊन बोटीची चौकशी करतात आणि परत येतात. तू सोमवारी भायखळ्याला जा, भाऊ दाजी लाड म्युझियमला, ते बुधवारी बंद असतं. छोटं आहे, तिकीट किरकोळ, आत जुन्या मुंबईची मातीची मॉडेलं, वेगवेगळ्या जातीजमातींच्या पगड्या एवढ्याशा बाहुल्यांवर, वेशभूषा करणाऱ्याने वही घेऊन बसावं असं. आणि ते डॉ. भाऊ दाजी कुठले माहितीय? आपल्या पेडण्याच्या मांद्र्याचे. तिथल्या एखाद्या माणसाला सांगून बघ, तो म्हणेल काय सांगता, मांद्रे म्हणजे ते बीचवालं?

हिशोब तूच मांड, मी ढोबळ सांगतो. गाडी जाऊन-येऊन हजार, नाटकं दोन, सातशे धर, खाणं दिवसाला अडीचशे म्हणजे हजार, लोकल-बस-मेट्रो तीनशे, म्युझियम वगैरे तीनशे. तीन हजार तीनशे झाले. राहिलेले सतराशे डॉर्मिटरीला नाहीतर, मामेभावाकडे राहिलास तर, तिसऱ्या नाटकाला. पाचशेची एक नोट मात्र चपलेच्या बॉक्समध्ये... नाही, ते आमच्या वेळचं, आता फोनवर असतात पैसे, तर फोन सांभाळ, गाडी सुटताना दारात उभा राहून फोन काढू नको, खांबाजवळ उभा असलेला काठीने हात मारतो आणि गेला.

तिकीट काढलंस की कळव, जत्रेच्या नाटकाची तालीम मी त्या आठवड्यात दुसऱ्या अंकाची लावतो, तुझं काम पहिल्यातच आहे. आणि दादरला कुठे मेकअपचं सामान मिळालं तर मिशांचं क्रेप आणि स्पिरिट गमची एक बाटली आण, मागच्या वर्षी दुर्योधनाची मिशी कशी सुटली ते तू बघितलंयस. पैसे आल्यावर देतो, बिल आण.

तुझा,
काका
डिचोली