परदेशातील शाळेला अर्ज पाठवण्यापूर्वी

या सदरात परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांचा मागे ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, कारण बहुतेक पत्रलेखकांची अडचण थोड्याफार फरकाने तीच आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी., बी.एड. असून गेली अकरा वर्षे राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. गेल्या मे महिन्यात दुबई, दोहा, सिंगापूर आणि बँकॉक येथील मिळून चाळीस शाळांना बायोडेटा पाठवला, परंतु एकाही शाळेचे उत्तर आले नाही. माझा सलग सहा वर्षे दहावीचा निकाल १०० टक्के आहे. समीकरणे शिकवताना ‘पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे पाठांतर मी बंद केले असून त्याऐवजी वर्गात किराणा दुकानातला तराजू घेऊन जाते. यंदा आठवीच्या ५८ मुलांपैकी ३१ मुले पहिल्या चाचणीत ऋण चिन्हावर चुकली होती, दिवाळीनंतरच्या चाचणीत ७ चुकली. हे लिहिण्याचे कारण एवढेच की मला हे काम मनापासून आवडते. बायोडेटा सोबत जोडला आहे. त्यात काय चुकते आहे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बायोडेटा वाचला आणि मग तुमचे पत्र पुन्हा वाचले. पत्रात जी शिक्षिका भेटते ती बायोडेटात कुठेच नाही, आणि उत्तर न येण्याचे मुख्य कारण मला तेच वाटते. बायोडेट्याची सुरुवात वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांनी होते, मधले दीड पान परीक्षांच्या टक्केवारीने भरले आहे आणि शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असे लिहून खाली सही केली आहे. सरकारी अर्ज भरून भरून आपल्या हाताला लागलेले हे वळण आहे. धर्म, वडिलांचे नाव, आधार क्रमांक आणि ते प्रतिज्ञापत्र काढून टाका. राष्ट्रीयत्व आणि सोबत येणाऱ्या कुटुंबीयांची संख्या मात्र एका ओळीत ठेवा, कारण व्हिसा आणि घर यांचा विचार शाळेला सुरुवातीलाच करावा लागतो. आखाती देशांतील अनेक शाळा छायाचित्रही मागतात. मागितले तर द्यावे.

आता १०० टक्के निकालाविषयी. आपल्या गावात ही मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही कष्टाने मिळवली आहे, हे मी जाणतो. परंतु उत्तीर्ण होण्यास ३५ गुण पुरतात की ५०, वर्गात मुले वीस होती की साठ, आणि कच्च्या मुलांना नववीतच थांबवले होते की नाही, यांपैकी काहीही बँकॉकच्या मुख्याध्यापिकेला त्या आकड्यावरून कळत नाही. तराजूची हकिकत मात्र तिला लगेच कळेल. मुलांची नेमकी चूक तुम्ही शोधली, ती का होते याचा विचार केला, शिकवण्याची रीत बदलली आणि बदलाचा परिणाम मोजून पाहिला, हे सारे त्या दोन वाक्यांत आहे. मी काही वर्षे परदेशातील एका शाळेच्या निवड समितीवर काम केले आहे. गठ्ठ्यातून आम्ही बाजूला काढून ठेवत असू ते अर्ज असेच असत, कारण ते वाचताना समोर वर्ग उभा राहत असे. म्हणून सोबतच्या पत्राचा पहिला परिच्छेद ३१ आणि ७ या आकड्यांचा करा आणि १०० टक्के निकाल अनुभवाच्या ओळीत, विद्यार्थिसंख्येसह, एकदाच लिहा.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्या चाळीस शाळांच्या यादीत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या शाळा एकत्र आल्या आहेत आणि सर्वांना एकच मजकूर गेला आहे. आखातातील सीबीएसईच्या शाळा आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि तुमचा अनुभव त्यांना जवळजवळ जसाच्या तसा चालतो. ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत तुमचा वयोगट आयजीसीएसई या आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेचा, म्हणजे साधारण १४ ते १६ वर्षांचा आहे. तिसरा प्रकार आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांचा. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या या संस्थेचे ३ ते १२, ११ ते १६ आणि १६ ते १९ या वयांसाठी वेगवेगळे कार्यक्रम आहेत, आणि तुम्हाला मधला, म्हणजे एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्रॅम), जवळचा आहे. त्यात गणिताचे मूल्यमापन चार निकषांवर होते व प्रत्येक निकषाला ८ गुण असतात. ज्ञान आणि आकलन, आकृतिबंधांचा शोध, गणिती मांडणी आणि प्रत्यक्ष जीवनातील उपयोजन असे ते निकष आहेत. आपल्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत पहिल्या निकषाला भरपूर जागा असते, दुसऱ्याला फारच थोडी. ‘एमवायपीची माहिती आहे’ असे नुसते लिहिण्यापेक्षा तुमच्या नववीच्या एखाद्या धड्यावर दुसऱ्या निकषाला धरून एक कृतिपत्रिका तयार करा, ती वर्गात वापरून पाहा आणि अर्जासोबत पाठवा.

आयजीसीएसईसाठी काम आणखी सोपे आहे. ही परीक्षा घेणाऱ्या केंब्रिज मंडळाच्या गणित विषयाच्या, म्हणजे ०५८० क्रमांकाच्या, जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका स्वतः सोडवा आणि राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात काय अधिक आहे व काय उणे आहे याचे एक पान टिपण करा. पत्रात प्रामाणिकपणे लिहा की हा अभ्यासक्रम मी शिकवलेला नाही, परंतु एवढी तयारी केली आहे. ‘मी कोणताही अभ्यासक्रम शिकवू शकते’ या वाक्यापेक्षा त्या कबुलीला अधिक वजन असते. ब्रिटिश शाळांना इंग्लंडमधील क्यूटीएस ही शिक्षकी पात्रता ठाऊक असते. २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या गणित, विज्ञान आणि भाषा विषयांच्या शिक्षकांनाही तिच्यासाठी तेथील सरकारकडे अर्ज करता येतो आणि अर्जाला शुल्क नाही. अटी वाचून तुम्ही त्यात बसता का, हे पाहावे.

राहिला महिना. आपल्याकडे सुट्टी लागली की अर्जाची आठवण होते, परंतु ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या शाळांची मुख्य भरती आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. सोडून जाणाऱ्या शिक्षकांना आपला निर्णय हिवाळ्यापूर्वीच कळवावा लागतो, त्यामुळे जागा तेव्हाच मोकळ्या होतात. मे महिन्यात उरतात त्या आयत्या वेळी रिकाम्या झालेल्या जागा. दिवाळीच्या सुट्टीत कागद तयार ठेवा आणि चाळीसऐवजी आठ शाळा निवडून प्रत्येकीला वेगळे पत्र लिहा.

प्रश्न : माझी पदवी आणि बी.एड. माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या नावाने आहे, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापले आहे. अबू धाबीच्या एका शाळेने निवड केली असून ‘साक्षांकित पदवी’ मागितली आहे. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालेल का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : चालणार नाही. येथे साक्षांकन याचा अर्थ मूळ पदवीच्या सत्यतेची साखळी असा आहे. आधी राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का आणि तेथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, असा हा क्रम आहे. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट आपल्या हातून घेत नाही, तर नेमलेल्या संस्थांमार्फत घेते. भारत २००५ पासून हेग येथील अपोस्टील करारात, म्हणजे एकमेकांच्या कागदपत्रांवरील एकच शिक्का मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, आहे, त्यामुळे ओमान किंवा बहारीनसारख्या सदस्य देशांसाठी अपोस्टीलचा एकच शिक्का पुरतो. अमिराती आणि कतार त्या करारात नाहीत. एखाद्या मैत्रिणीचे ओमानमधील मस्कतला एका शिक्क्यावर भागले म्हणून तुमचे अबू धाबीला भागणार नाही.

नावाची अडचण आपल्या महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक विवाहित शिक्षिकेची आहे. आपल्याकडे नावाचे तीन भाग, त्यांचा क्रम मंडळागणिक वेगळा आणि लग्नानंतर त्यांपैकी दोन बदलतात. परदेशातील कारकुनाला त्या दोन वेगळ्या स्त्रिया वाटल्या तर त्यात त्याचा दोष नाही. नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र हा दोन्ही नावांना जोडणारा मुख्य पूल आहे, म्हणून पदवीबरोबर त्याचेही साक्षांकन करून घ्या. नाव राजपत्रात बदलून घेतले असेल तर ती प्रतही जोडा. अर्जात मात्र पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे लिहा आणि ‘पदवीवरील नाव’ अशी वेगळी ओळ द्या. ज्या वाचक मुलींचे लग्न अजून व्हायचे आहे त्यांना जाता जाता सांगतो की लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

बी.एड. मुक्त विद्यापीठातून केले असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी ते तेथे मान्य होईल का, हे शाळेला लेखी विचारा.

प्रश्न : अर्जात सध्याच्या मुख्याध्यापकांचा ईमेल मागतात. माझ्या संस्थेत हे कळले तर पुढच्या वर्षी मला ठेवणार नाहीत. जुन्या मुख्याध्यापकांचे ‘ज्या कोणाशी संबंधित असेल त्यास’ असे छान पत्र माझ्याकडे आहे. तेच पाठवले तर?
— एक शिक्षक, अकोला

उत्तर : पाठवा, पण त्याच्यावर विसंबू नका. उमेदवाराच्या हातून आलेल्या बंद पाकिटालाही आता कोणी विचारत नाही. शाळा स्वतः मुख्याध्यापकांना लिहिते, पुष्कळदा फोनही करते, आणि या व्यक्तीला मुलांबरोबर काम करू देण्यास तुमची काही हरकत आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारते. मुलांशी गैरवर्तन करणारे लोक देश बदलून शाळांमागून शाळा फिरत राहिले, हा कटू अनुभव या क्षेत्राला आलेला आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी बालसुरक्षेसाठी एक कृतिदल नेमले आणि त्यानंतर ही तपासणी अधिक काटेकोर झाली. ती टाळण्याचा प्रयत्न करणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते.

तुमची भीतीही खोटी नाही. मार्ग असा की अर्जात नाव आणि पत्ता द्यावा आणि पुढे ‘मुलाखतीनंतर व मला कळवूनच संपर्क साधावा’ असे लिहावे. बहुतेक शाळा हे पाळतात. मुलाखतीचे ठरले की मुख्याध्यापकांना आपण स्वतः जाऊन सांगावे. बाहेरून कळण्यापेक्षा ते बरे. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्रही लागेल.

मुलाखतीत ‘एखादे मूल तुम्हाला काही खाजगी सांगू लागले आणि कोणाला सांगू नका म्हणाले तर काय कराल’ असा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. ‘मी त्याचा विश्वास जपेन’ हे आपल्या तोंडी सहज येणारे उत्तर येथे चुकीचे ठरते. गुप्ततेचे वचन द्यायचे नाही, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाचे शब्द लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी शाळेतील बालसुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत आपल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही माहिती कळवणे बंधनकारक केले आहे. तो संदर्भ दिलात तर तुम्ही हे पाठ करून आलेला नाहीत हेही कळेल.

प्रश्न : एक एजंट कुवेतच्या शाळेत नोकरीची खात्री देतो आणि दीड लाख रुपये व मूळ प्रमाणपत्रे मागतो. द्यावीत का?
— एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि उमेदवाराकडून घेण्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. चांगल्या शाळा भरतीचा खर्च स्वतः करतात. शाळेच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवून ही जागा खरोखर आहे का, हे विचारा. दीड लाखांचा निर्णय त्या एका ईमेलने होईल.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोघेही शिक्षक असून दोन मुले आहेत. दुबईच्या एका शाळेने मला देऊ केलेला पगार भारतातील पगाराच्या चौपट आहे. पगाराविषयी आणखी काही विचारले तर निवड रद्द होईल का?
— एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : लेखी प्रस्ताव आल्यावर विचारलेल्या प्रश्नांमुळे निवड रद्द होत नाही, आणि होत असेल तर अशा शाळेत न जाणेच बरे. चौपटीचा हिशेब मांडताना घरभाडे आणि दोन मुलांची फी त्यातून वजा करून पाहा. त्या शहरात या दोन खर्चांतच पगार संपू शकतो. मुलांना फीमाफी आहे का, ती पूर्ण आहे की अर्धी, आणि एका मुलाला की दोघांना, हे लेखी घ्या. घर शाळा देते की भत्ता देते, वर्षाकाठी विमानभाडे चौघांचे की एकटीचे आणि विम्यात कुटुंब धरले आहे का, हेही विचारा. यजमानांचा अर्ज त्याच शाळेकडे असेल तर ते पहिल्याच पत्रात सांगायला हवे होते. शाळांना शिक्षक जोडपे परवडते, कारण एका घरात दोन शिक्षक राहतात. अजूनही कळवा.

अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार वर्ष पूर्ण झाल्यावर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते आणि पहिल्या पाच वर्षांसाठी ती दर वर्षामागे २१ दिवसांच्या वेतनाइतकी असते. मात्र ते २१ दिवस मूळ वेतनाचे मोजले जातात, भत्त्यांसह येणाऱ्या एकूण रकमेचे नव्हे. म्हणून करारात मूळ वेतनाचा आकडा वेगळा लिहिला आहे का आणि तो एकूण रकमेच्या किती आहे, हे सही करण्यापूर्वी पाहा.